फरक किती, आणि कशाच्या मानाने?



प्राथमिक शिक्षकाचा आकड्यांशी संबंध रोजचा आहे. सकाळी हजेरी, दुपारी आहाराची नोंद, महिनाअखेर गोषवारा, ठरलेल्या वेळी उंची व वजन, सत्राअखेर गुण. हे आकडे आपण लिहितो, त्यांची बेरीज करतो, सरासरी काढतो आणि वर पाठवितो. परंतु त्या आकड्यांपाशी क्षणभर थांबून त्यांचा अर्थ पाहण्याची सवय आपणांपैकी फार थोड्यांना असते. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नव्हता. ती सवय कशासाठी हवी, हे मला माझ्याच एका चुकीने शिकविले. चूक माझी असल्यामुळे ती येथे मोकळेपणाने सांगता येते.

१. एका सभेतील प्रसंग

काही वर्षांपूर्वी माझ्याकडील एका केंद्राच्या मासिक सभेत मी दोन शाळांची एका आठवड्याची हजेरी फळ्यावर लिहिली. पहिली शाळा बाजारपेठेच्या गावची, पट २२५. दुसरी डोंगराकडच्या वाडीची, द्विशिक्षकी, पट २८. पुढील हिशेब सोपा व्हावा म्हणून येथे आकडे थोडे घासूनपुसून घेतले आहेत. मूळ प्रकार तोच आहे.

पहिली शाळा, सोमवार ते शनिवार: २०४, २१२, २००, १८८, २१०, १८६.

दुसरी शाळा, सोमवार ते शनिवार: २४, २६, २०, १८, १८, १४.

मी म्हणालो, ‘‘पाहा, मोठ्या शाळेत सर्वांत चांगला दिवस आणि सर्वांत वाईट दिवस यांत २६ मुलांचा फरक आहे. वाडीच्या शाळेत तो अवघा १२. हजेरीत सातत्य कोठे आहे, हे सांगावयास नको.’’ एवढ्यावर न थांबता, मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांस मी सभेत दोन शब्द सुनावले. ‘उपस्थितीत सातत्य नाही’ असा शेरा त्यांच्या शेरेबुकात आदल्या भेटीतच लिहून झाला होता. वाडीच्या शाळेतील बाईंचे मी अभिनंदन केले.

सभा संपल्यावर त्या बाई थांबल्या. म्हणाल्या, ‘‘साहेब, रागावणार नसाल तर एक सांगते. माझ्या शाळेची स्तुती करू नका. शनिवारी आमच्याकडे चौदाच मुले होती. निम्मी शाळा घरी होती. शनिवारी खालच्या गावचा बाजार असतो. आईबाप बाजाराला जातात आणि मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळीत बसतात. गुरुजींच्या शाळेत शनिवारी एकशे शहाऐंशी मुले होती. तिथे निम्मी शाळा कधीच घरी नसते.’’

मी निरुत्तर झालो. बाईंनी कोणतेही सूत्र सांगितले नव्हते. परंतु संख्याशास्त्रातील एक महत्त्वाचा विचार त्यांनी साध्या शब्दांत माझ्यापुढे ठेवला होता. मी फरक पाहिला होता; तो कशाच्या मानाने आहे, हे पाहिले नव्हते. ज्या शाळेची मी पाठ थोपटली, तेथेच काही मुली दर आठवड्यास शाळेला मुकत होत्या आणि लहान आकड्याच्या आड त्या मला दिसल्या नाहीत.

या लेखात तोच विचार क्रमाने मांडावयाचा आहे. गणिताची भीती बाळगण्याचे कारण नाही. बेरीज, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ यांपलीकडे येथे काही लागत नाही.

२. सरासरी आणि विचलन

सरासरी आपणां सर्वांस परिचित आहे. पहिल्या शाळेतील सहा दिवसांच्या हजेरीची बेरीज १२००, म्हणून सरासरी २००. दुसरीची बेरीज १२०, म्हणून सरासरी २०.

सरासरी ही आकड्यांचा मध्य कोठे आहे ते सांगते. आकडे त्या मध्याभोवती किती पसरले आहेत, हे ती सांगत नाही. रोज बरोबर वीस मुले येणारी शाळा आणि एके दिवशी चाळीस तर दुसऱ्या दिवशी एकही नाही अशी शाळा, दोहोंची सरासरी वीसच. म्हणून पसारा मोजण्याचे निराळे माप हवे.

सर्वांत सोपे माप म्हणजे मोठ्यात मोठ्या आकड्यातून लहानात लहान आकडा वजा करणे. सभेत मी तेच केले होते. या मापाचा दोष असा की, ते केवळ दोन टोकांचे दिवस पाहते. मधल्या दिवसांची त्यास दखल नसते. याहून चांगले आणि सर्वत्र मान्य असलेले माप म्हणजे प्रमाण विचलन. ते काढण्याच्या पायऱ्या अशा आहेत.

पहिली पायरी: प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करावी. या वजाबाकीस विचलन म्हणतात. पहिल्या शाळेची विचलने क्रमाने +४, +१२, ०, –१२, +१०, –१४ अशी येतात. त्यांची बेरीज शून्यच येणार. ती तशी आली म्हणजे वजाबाकी बरोबर झाली, असा ताळाही मिळतो.

दुसरी पायरी: प्रत्येक विचलनाचा वर्ग करावा. १६, १४४, ०, १४४, १००, १९६. वर्ग केल्याने ऋण चिन्हे नाहीशी होतात.

तिसरी पायरी: वर्गांची सरासरी काढावी. बेरीज ६००, सहांनी भागून १००.

चौथी पायरी: त्या सरासरीचे वर्गमूळ घ्यावे. १०० चे वर्गमूळ १०. म्हणजे पहिल्या शाळेच्या हजेरीचे प्रमाण विचलन १० मुले.

दुसऱ्या शाळेची विचलने +४, +६, ०, –२, –२, –६, वर्ग १६, ३६, ०, ४, ४, ३६, बेरीज ९६, सहांनी भागून १६, वर्गमूळ ४. प्रमाण विचलन ४ मुले.

(जेथे हातातील आकडे हे एखाद्या मोठ्या समूहातून निवडलेला नमुना असतात आणि त्यांवरून त्या समूहाविषयी अनुमान करावयाचे असते, तेथे वर्गांच्या बेरजेस आकड्यांच्या संख्येपेक्षा एकाने कमी अशा संख्येने भागण्याची प्रथा आहे. येथे आपणांस त्या आठवड्यापुरतेच बोलावयाचे असल्याने सहांनीच भागले आहे.)

आता पाहा: अधिक चांगले माप वापरूनही माझी चूक तशीच राहते. १० हा आकडा ४ पेक्षा मोठा आहे आणि मोठी शाळाच अधिक अस्थिर दिसते. म्हणजे दोष मापात नव्हता, तुलनेत होता.

३. विचलन-गुणांक

रोज सुमारे २०० मुले येणाऱ्या शाळेत १० मुलांचा चढउतार आणि रोज सुमारे २० मुले येणाऱ्या शाळेत ४ मुलांचा चढउतार, यांची तुलना करावयाची तर दोन्ही चढउतार आपापल्या सरासरीच्या मानाने पाहिले पाहिजेत. म्हणून प्रमाण विचलनास सरासरीने भागतात आणि शंभरने गुणतात. येणाऱ्या शेकडेवारीस या लेखात आपण विचलन-गुणांक म्हणू.

विचलन-गुणांक = (प्रमाण विचलन ÷ सरासरी) × १००

पहिली शाळा: १० ÷ २०० × १०० = ५ टक्के.

दुसरी शाळा: ४ ÷ २० × १०० = २० टक्के.

चित्र पूर्ण पालटले. वाडीच्या शाळेतील हजेरीचा चढउतार, तिच्या आकारमानाच्या मानाने, मोठ्या शाळेच्या चौपट होता. बाई सांगत होत्या ते हेच.

हा केवळ कागदावरचा खेळ नव्हे. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांसाठी दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ धरलेला आहे. समजा, दोन्ही शाळांत त्या दिवशीची हजेरी न पाहता सरासरीवर विसंबून तांदूळ मोजला. मंगळवारी मोठ्या शाळेत २०० मुलांचा भात २१२ मुलांत वाटला जाईल. प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ९४ ग्रॅम तांदळाचा भात येईल. उणीव आहे, पण ताटात ती सहसा कळणार नाही. वाडीच्या शाळेत मात्र २० मुलांचा भात २६ मुलांत वाटावा लागेल. प्रत्येकास सुमारे ७७ ग्रॅम. जवळजवळ चौथा हिस्सा कमी. मोठ्या शाळेत बारा मुले जास्त आली आणि लहान शाळेत सहाच. तरी पोट रिकामे राहिले ते लहान शाळेतील मुलांचे. पाच टक्के आणि वीस टक्के यांतील अंतर असे प्रत्यक्ष ताटात उतरते.

४. निरनिराळ्या एककांची तुलना

विचलन-गुणांकाचा दुसरा मोठा गुण असा की, त्यास एकक नसते. प्रमाण विचलन हे मूळ आकड्यांच्याच एककात असते. उंचीचे सेंटिमीटरमध्ये, वजनाचे किलोग्रॅममध्ये. सेंटिमीटर मोठे की किलोग्रॅम मोठा, हा प्रश्नच चुकीचा आहे. परंतु प्रमाण विचलनास सरासरीने भागले की वरचे व खालचे एकक छेदले जाते आणि निव्वळ शेकडेवारी उरते. मग ‘मुलामुलांत अधिक फरक कशात असतो, उंचीत की वजनात?’ हा प्रश्न विचारता येतो.

अंगणवाडीतील वाढीचे तक्ते आपण पाहिलेच असतील. ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रमाणकांवर आधारलेले आहेत. त्या प्रमाणकांनुसार नवजात मुलग्यांची सरासरी लांबी ४९.९ सेंटिमीटर असून प्रमाण विचलन सुमारे १.९ सेंटिमीटर आहे, गुणांक ३.८ टक्के. त्याच वयाचे मध्यम वजन सुमारे ३.३ किलोग्रॅम आणि त्याचा गुणांक सुमारे १४.६ टक्के. म्हणजे जन्मतःच वजनातील सापेक्ष फरक लांबीतील फरकाच्या जवळजवळ चौपट असतो. वर्गातील मुलांची उंची फारशी मागेपुढे नसूनही वजने मात्र बरीच वेगवेगळी का दिसतात, याचा उलगडा येथे होतो. आणि उंचीत दहा टक्के कमी असणारे मूल हे वजनात दहा टक्के कमी असणाऱ्या मुलापेक्षा अधिक काळजीचे का, हेही ध्यानात येते.

आता एकाच मापाची दोन वयांत तुलना करू. याच संघटनेच्या २००७ सालच्या संदर्भ-तक्त्यांत दहा वर्षांच्या मुलग्यांची सरासरी उंची सुमारे १३७.८ सेंटिमीटर आणि प्रमाण विचलन सुमारे ६.४ सेंटिमीटर आहे. १.९ वरून ६.४, विचलन तिपटीहून अधिक झाले. यावरून ‘वय वाढेल तशी मुलांतील विषमता तिप्पट होते’ असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल. कारण उंचीही त्या काळात पावणेतीन पटींहून अधिक झाली आहे. गुणांक काढला तर तो ३.८ टक्क्यांवरून सुमारे ४.६ टक्क्यांवर गेलेला दिसतो. वाढ आहे, पण ती बेताची आहे. या प्रमाणकांच्या मूळ तक्त्यांत प्रत्येक वयापुढे अशा गुणांकाचा एक स्वतंत्र स्तंभच दिलेला असतो, इतके त्याचे महत्त्व आहे.

५. पावसाचे उदाहरण

ग्रामीण भागात शिकविणाऱ्या शिक्षकास पावसाइतके जवळचे उदाहरण नाही. सातारा जिल्ह्याचेच पाहा. महाबळेश्वरी वर्षास साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. समजा, एखाद्या वर्षी दोन्हीकडे तीनशे मिलिमीटर पाऊस कमी पडला. महाबळेश्वराच्या दृष्टीने ही घट साडेपाच टक्क्यांच्या आतबाहेर आहे. तेथे ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. माणच्या दृष्टीने ती साठ टक्के आहे. तेथे विहिरी आटतील, जनावरे छावणीत जातील आणि शाळेच्या पटावर त्याचा परिणाम दिसेल. तीनशे मिलिमीटर तेच, अर्थ निराळा.

म्हणूनच हवामानशास्त्रज्ञ पावसाच्या बेभरवशाचे मोजमाप करताना मिलिमीटरपेक्षा विचलन-गुणांकावर भर देतात. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांच्या आकड्यांवरून संबंध देशाच्या जून ते सप्टेंबर या काळातील पावसाची सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर धरली जाते आणि तिचा वर्षावर्षांतील चढउतार सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतो. देशाचा एकत्रित आकडा असा बराच स्थिर दिसतो, कारण एका भागाची तूट दुसऱ्या भागाची वाढ भरून काढते. पर्जन्यछायेतील एकेका तालुक्याचा गुणांक मात्र यापेक्षा पुष्कळच मोठा असतो. जेथे सरासरी पाऊस कमी, तेथे सामान्यतः त्याचा भरवसाही कमी, हे शेतकऱ्याचे अनुभवसिद्ध ज्ञान या गुणांकात आकड्याने व्यक्त होते.

६. थोडा इतिहास

ही कल्पना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील गणिती कार्ल पिअर्सन (१८५७–१९३६) यांनी १८९६ साली मांडली. पुरुष व स्त्रिया यांच्या शरीरमापांतील चढउतारांची तुलना करताना त्यांना आपल्यासारखीच अडचण आली. पुरुषांची मापे सरासरीनेच मोठी, तेव्हा त्यांची विचलनेही मोठी येणारच. त्यावरून पुरुषांत विविधता अधिक, असे कसे म्हणावे? म्हणून त्यांनी विचलनास सरासरीने भागण्याची रीत सुचविली.

आपल्याकडे ही रीत रुजली ती मुख्यत्वे शेतीच्या प्रयोगांतून. या कामात दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांची नावे आदराने घेतली जातात. एक डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या खेड्यात झाला. दुसरे डॉ. विनायक गोविंद पानसे. शेतीक्षेत्रातील कार्यकर्त्यांसाठी या दोघांनी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींवरील इंग्रजी ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला आणि पुढे कित्येक पिढ्यांनी तो अभ्यासला. पिकाच्या प्रयोगात शेजारशेजारच्या वाफ्यांतील उत्पन्न किती मागेपुढे झाले, हे विचलन-गुणांकावरून पाहतात. गुणांक फार मोठा आला तर प्रयोगाच्या निष्कर्षावर विसंबण्यापूर्वी संशोधक विचारात पडतो. बुधसारख्या दुष्काळी टापूतील खेड्यातून आलेल्या मुलाने पुढे जगाच्या अन्नप्रश्नावर काम केले, ही गोष्टही आपल्या विद्यार्थ्यांस सांगण्याजोगी आहे.

७. कोठे वापरू नये

नवे हत्यार हाती आले की ते सर्वत्र चालविण्याचा मोह होतो. म्हणून त्याच्या मर्यादा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली मर्यादा: ज्या मापातील शून्य हे खरे शून्य असते, तेथेच हा गुणांक अर्थपूर्ण असतो. शून्य मुले म्हणजे एकही मूल नाही. शून्य किलोग्रॅम म्हणजे वजनच नाही. परंतु शून्य अंश सेल्सिअस म्हणजे उष्णता नाही, असे नव्हे. समजा, एका गावाचे सरासरी तापमान २० अंश सेल्सिअस आणि प्रमाण विचलन ५ अंश आहे. गुणांक २५ टक्के. तेच तापमान फॅरनहाइटमध्ये ६८ अंश आणि विचलन ९ अंश होते. गुणांक सुमारे १३ टक्के. हवा तीच, गाव तेच. तापमापी बदलताच उत्तर निम्म्यावर आले. असा गुणांक निरर्थक होय.

दुसरी मर्यादा आपल्या रोजच्या कामातील आहे आणि म्हणून अधिक महत्त्वाची आहे: परीक्षेतील गुण. समजा, गणिताच्या चाचणीत वर्गाची सरासरी २० गुण व प्रमाण विचलन ६ आहे. गुणांक ३० टक्के. पुढच्या चाचणीत शिक्षकाने सर्वांना येतील असे दहा गुणांचे सोपे प्रश्न वाढविले. प्रत्येकाचे दहा गुण वाढले. सरासरी ३० झाली, विचलन सहाच राहिले, गुणांक २० टक्क्यांवर उतरला. वर्गातील मागासलेली मुले पुढे आली काय? मुळीच नाही. ज्यास भागाकार येत नव्हता त्यास तो अजूनही येत नाही. चाचणीतील शून्य गुण म्हणजे शून्य ज्ञान नव्हे. म्हणून दोन विषयांच्या किंवा दोन शाळांच्या गुणांचे विचलन-गुणांक शेजारी मांडून ‘या वर्गात समानता अधिक’ असे ठरविणे धोक्याचे आहे.

तिसरी मर्यादा: सरासरी शून्याच्या अगदी जवळ असेल तर भागाकार अवास्तव मोठा येतो. वर्गात महिन्याला सरासरी अर्धाच दिवस गैरहजर असणाऱ्या मुलांच्या गैरहजेरीचा गुणांक काढला तर तो शेकड्यांनी येऊ शकेल आणि त्यावरून काहीच बोध होणार नाही. अशा वेळी गैरहजेरीचा नव्हे, हजेरीचा गुणांक काढावा.

चौथी मर्यादा मला माझ्या दुसऱ्या चुकीपासून वाचविणारी आहे. लहान समूहाचा गुणांक स्वभावतःच मोठा येतो. अठ्ठावीस मुलांच्या शाळेत एका घरची तीन भावंडे मामाच्या गावी गेली तर हजेरी एकदम दहा टक्क्यांहून अधिक उतरते. सव्वादोनशेच्या शाळेत तीच तीन मुले कोणाच्या खिजगणतीतही नसतात. यात शिक्षकाचा दोष नसतो. म्हणून केवळ गुणांक मोठा आला एवढ्यावरून लहान शाळेला नावे ठेवणे, हे माझ्या मूळ चुकीचेच उलटे रूप होईल. गुणांक हा निकाल नव्हे. तो प्रश्न आहे. ‘येथे काय चालले आहे ते जाऊन पाहा’ एवढेच तो सांगतो. पाहण्याचे काम माणसालाच करावे लागते.

८. वर्गात हा पाठ कसा घ्यावा

विचलन-गुणांकाचे नाव वरच्या वर्गांत येते. परंतु त्यामागील विचार सहावी-सातवीच्या मुलांस सहज पेलतो. पाठाची एक रूपरेषा अशी:

हेतू: फरक नेहमी मूळ वस्तूच्या मानाने मोजावा, हे मुलांस अनुभवाने पटविणे.

साहित्य: पाच गवारीच्या शेंगा, पाच शेवग्याच्या शेंगा, मोजपट्टी, दोरा.

प्रस्तावना: ‘‘आठ सेंटिमीटरच्या गवारीत दोन सेंटिमीटरचा फरक आणि चाळीस सेंटिमीटरच्या शेवग्यात दोन सेंटिमीटरचा फरक, यांत डोळ्यांना कोणता आधी दिसेल?’’ असा प्रश्न विचारावा. उत्तर लगेच सांगू नये.

विवेचन: मुलांकडून शेंगा मोजून घ्याव्यात. वाकड्या शेंगेवर दोरा ठेवून तो पट्टीवर धरावा. समजा, गवारीच्या लांब्या ७, ८, ९, १०, ६ सेंटिमीटर आल्या. सरासरी ८. वर्गमूळ काढण्याचा सराव नसलेल्या मुलांस प्रमाण विचलनाच्या फेऱ्यात टाकू नये. त्याऐवजी चिन्ह सोडून दिलेल्या फरकांची साधी सरासरी घ्यावी: १, ०, १, २, २; बेरीज ६; पाचांनी भागून १.२ सेंटिमीटर. शेवग्याच्या लांब्या ४०, ४४, ३८, ३६, ४२ आल्या. सरासरी ४०, फरक ०, ४, २, ४, २, बेरीज १२, सरासरी फरक २.४ सेंटिमीटर. सेंटिमीटर पाहिले तर शेवग्याचा फरक गवारीच्या दुप्पट. आता प्रत्येकास आपापल्या सरासरीने भागावे. गवार: १.२ ÷ ८ = १५ टक्के. शेवगा: २.४ ÷ ४० = ६ टक्के. मानाने पाहता गवारच अधिक विषम.

येथे मुले बहुधा काही वेळ गप्प बसतात. त्यांना तसे बसू द्यावे. नवा विचार समजण्यास तेवढा वेळ लागतोच.

उपयोजन: मुलांस आपापल्या घरचे उदाहरण आणावयास सांगावे. म्हशीच्या व शेळीच्या रोजच्या दुधातील चढउतार, दोन झाडांचे आंबे, दोन भावंडांना शाळेत येण्यास लागणारा वेळ. मात्र मुलांची वजने किंवा गुण फळ्यावर नावानिशी मांडून हा पाठ कधीही घेऊ नये. आकडे शिकविण्यासाठी कोणाही मुलास खाली पाहावयास लावणे आपल्या व्यवसायास शोभत नाही.

९. समारोप

त्या सभेनंतर पुढच्या भेटीत मी मोठ्या शाळेचे शेरेबुक मागवून घेतले. जुना शेरा खोडला नाही. त्याच्या खाली लिहिले की, वरील शेरा चुकीच्या तुलनेवर आधारलेला होता आणि शाळेची उपस्थिती समाधानकारक आहे. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत; चहा मात्र त्यांनी आग्रहाने पाजला. तेथून मी शनिवार गाठून वाडीवर गेलो. बाईंनी सांगितले तसेच होते. मग पालकांशी बोलून, बाजारादिवशी धाकट्या भावंडांना शाळेच्या ओट्यावर बसू देण्याची व्यवस्था बाईंनी केली आणि मोठ्या मुली वर्गात येऊ लागल्या. आकड्याने वाट दाखविली; चालल्या त्या बाई.

सारांश इतकाच. कोणी सांगितले की अमुक ठिकाणी फरक मोठा आहे, तर लगेच मान डोलावू नये. विचारावे, ‘कशाच्या मानाने?’ कोणी म्हणाले फरक लहान आहे, तरीही तेच विचारावे. लहान शाळा, लहान वाडी, लहान मूल यांच्याबाबतीत आकडे लहान असतात. दुःखे लहान असतात असे नव्हे.

स्वाध्याय

(१) पहिलीच्या मुलांचे सरासरी वजन १८ किलोग्रॅम व प्रमाण विचलन २.७ किलोग्रॅम, सातवीचे सरासरी वजन ३६ किलोग्रॅम व प्रमाण विचलन ४.५ किलोग्रॅम आहे असे समजा. वजनातील सापेक्ष फरक कोणत्या वर्गात अधिक?

(२) वर्गाची उंची सेंटिमीटरऐवजी मीटरमध्ये लिहिली तर विचलन-गुणांक बदलेल काय? कारण द्या.

(३) आपल्या शाळेच्या मागील महिन्यातील हजेरीचा विचलन-गुणांक काढा. तो आला तसा का आला, याचे कारण हजेरीपत्रकात नव्हे, गावात शोधा.

उत्तरे: (१) पहिलीत १५ टक्के, सातवीत १२.५ टक्के, म्हणून पहिलीत अधिक. (२) नाही, सरासरी व प्रमाण विचलन दोहोंस शंभरानेच भागले जाते, म्हणून त्यांचे गुणोत्तर तेच राहते. (३) याचे उत्तर आपणांपाशीच आहे.